कुशीत वर्षानुवर्षं दुखणं, लघवीत रक्त आणि सोनोग्राफी 'नॉर्मल': एलपीएचएस कुणाला माहीत आहे का?

सांगलीची_माई | ३ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय, तिच्या परवानगीनं. वय २९, प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्न झालंय, मूल अजून नाही. कॉलेजात असल्यापासून बरगड्यांच्या खाली, पाठीकडच्या बाजूला दुखतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, क्वचित दोन्हीकडे. एरवी ठणका चालूच असतो आणि मध्येच अशी कळ येते की उलट्या होतात, उभं राहवत नाही. त्या दिवसांत लघवी तपकिरी-लाल होते.

पहिल्या सोनोग्राफीत ३ मिमीचा खडा दिसला आणि तेव्हापासून सगळं त्या खड्याच्या खात्यावर जमा होतंय. पुढच्या वेळी खडा दिसेना, तर 'पडून गेला असेल'. पुन्हा दुखलं, तर 'नवीन झाला असेल'. रिपोर्टात रक्तपेशी दिसल्या की अँटिबायोटिकचा कोर्स, मग कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) काही वाढलेलं नसलं तरी. कॅज्युअल्टीत नेलं की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, एक सलाईन आणि घरी. एका ठिकाणी डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, "सासरी काही त्रास आहे का?" नवरा बिचारा शेजारीच उभा होता.

आता एका नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीतज्ज्ञांना) दाखवलंय. त्यांनी जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचली (हे प्रथमच घडलं) आणि 'लॉइन पेन हेमॅच्युरिया सिंड्रोम' (एलपीएचएस, म्हणजे कूस दुखणं आणि लघवीत रक्त) असं नाव घेतलं. पण आधी बाकीची कारणं वगळायला हवीत म्हणाले, कदाचित किडनीची बायॉप्सीही. आमच्या घरात बायॉप्सी म्हणजे कॅन्सर एवढंच माहीत, त्यामुळे आईनं देव पाण्यात घातलेत. कुणाला या आजाराचा अनुभव आहे का? निदान नक्की कसं करतात? यात किडनी निकामी होते का?

रानवारा | ३ जून, रात्री १०.५५

कुळथाचं कढण, बार्लीचं पाणी आणि पाषाणभेद सुरू करा. आमच्या चुलत्यांचा खडा असाच गेला. डॉक्टर लोक घाबरवतात उगाच.

मायक्रोस्कोपवाले_आजोबा | ४ जून, सकाळी ७.२०

रानवारा, कुळथाचं कढण मलाही प्रिय आहे, भाताबरोबर. पण खडा दिसतच नाहीये, तर ते पाडणार काय?

माई, मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. बहिणीच्या लघवीचे ढीगभर रिपोर्ट असतील आणि प्रत्येकात 'आरबीसी (लाल पेशी) २५-३०' असा काहीतरी आकडा असेल. त्या पेशी दिसायला कशा होत्या, हे एका तरी रिपोर्टात लिहिलंय का? बघा आणि सांगा. माझा अंदाज, नसणार.

आकड्यापेक्षा आकार महत्त्वाचा आहे, तो का ते सांगतो. लघवीत रक्त दोन ठिकाणांहून येऊ शकतं. एक म्हणजे किडनीच्या आतून, जिथं रक्त गाळलं जातं त्या ग्लोमेरुलसमधून. दुसरं त्याखालच्या वाटेवरून: खडा, मूत्रनलिका, मूत्राशय, एखादी गाठ. वाटेवरून आलेल्या पेशी बहुधा गोल आणि धडधाकट असतात. ग्लोमेरुलसच्या पडद्यातून पिळवटून आलेल्या पेशी वाकड्यातिकड्या होतात, काहींना अंगावर फुगवटे येतात. यांना डिसमॉर्फिक पेशी म्हणतात, फुगवटे असलेल्यांना अकँथोसाइट. सोबत लाल पेशींचे कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांच्या साच्यात घट्ट झालेली नळकांडी, सापडले तर रक्त किडनीच्या आतलंच, हे जवळजवळ पक्कं. फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप असला तर उत्तम, पण सवयीच्या डोळ्याला साध्यातही ओळखू येतं.

अट एकच, नमुना ताजा हवा. तासा-दोन तासांत पाहिला नाही तर पेशी फुटतात, कास्ट मोडतात. सकाळी सहाला घरी भरलेली बाटली कलेक्शन सेंटरवरून फिरत फिरत दुपारी मुख्य लॅबच्या मशीनमध्ये गेली तर त्यातून आकडा मिळेल, बाकी काही नाही. लॅबमध्ये जाऊन तिथंच नमुना द्या आणि पॅथॉलॉजिस्टना आधी सांगून ठेवा की 'आरबीसी मॉर्फॉलॉजी' पाहायची आहे. पाळीच्या दिवसांत देऊ नका. एकदा दुखत असताना आणि एकदा बरं असताना, असं दोनदा करा.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), बीपी, लघवीतलं प्रोटीन, वजन आणि उंची लिहा.

सांगलीची_माई | ४ जून, रात्री ९.०३

आजोबा, तुमचा अंदाज बरोबर. सगळे रिपोर्ट पसरून बसले होते, आकाराबद्दल कुठं अवाक्षर नाही.

क्रिएटिनिन ०.७, बीपी ११०/७०, प्रोटीन 'ट्रेस', पस सेल्स (पू-पेशी) ४-६. वजन ४४ किलो, उंची ५ फूट ३ इंच. सीटी स्कॅन झालाय, पण खड्यासाठी करतात तो, बिनाडायचा.

अकोल्याचा_पक्या | ४ जून, रात्री ११.३१

ताई, ४४ किलो वाचून थांबलो. मला नटक्रॅकर सिंड्रोम निघाला होता म्हणून लिहितोय.

डाव्या किडनीची शीर मोठ्या शिरेकडे जाताना दोन धमन्यांच्या मधून जाते. मागे महाधमनी, पुढे तिच्यातूनच निघून आतड्याकडे जाणारी धमनी. काही लोकांत ही शीर अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी त्या दोघींत दबते. मग किडनीत दाब साठतो, डावी कूस दुखते, लघवीत रक्त येतं. बारीक लोकांत जास्त दिसतं, कारण त्या फटीत चरबी कमी असते. मला आधी डाव्या बाजूच्या व्हेरिकोसीलचं (अंडकोषाच्या शिरा फुगतात त्याचं) ऑपरेशन सांगितलं होतं. ते कशामुळे झालंय हे कोणी विचारलं नव्हतं.

साध्या सोनोग्राफीत हे हुकतं. डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) करा आणि करणाऱ्याला चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या की डाव्या रीनल व्हेनचा दाब पाहायचाय. दबलेल्या जागी रक्ताचा वेग किडनीजवळच्या वेगाच्या पाचपट किंवा जास्त निघाला तर संशय पक्का होतो. सीटी अँजिओत दोन धमन्यांमधला कोनही मोजतात. मला सर्जरी न करता वजन वाढवायला सांगितलं. वाढवलं, आणि त्रास पुष्कळ कमी झाला. आमच्या वऱ्हाडात वजन वाढव म्हणणं म्हणजे काही शिक्षा नाही बाप्पा.

मायक्रोस्कोपवाले_आजोबा | ५ जून, सकाळी ६.५०

पक्या यांना अनुमोदन, डॉपलर व्हायलाच हवा. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नटक्रॅकरचं दुखणं डावीकडचं असतं आणि माईंच्या बहिणीचं दोन्हीकडे फिरतं. दुसरं, काही त्रास नसलेल्या बारीक माणसांतही ही शीर थोडी दबलेली दिसते. चित्रात दिसलं म्हणजे कारण सापडलं, असं नव्हे. ३ मिमीच्या खड्यानं हेच केलं ना?

नेफ्रॉन | ५ जून, दुपारी ३.१५

सरकारी रुग्णालयात नेफ्रॉलॉजीत काम करते. फाईल न पाहता निदान करणार नाही, पण आजाराबद्दल लिहिते, कारण मराठीत यावर फारसं काही सापडत नाही.

१९६७ मध्ये लिटल, स्लोपर आणि डी वॉर्डनर यांनी 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तीन तरुण स्त्रियांची हकीकत छापली. तिघींना वारंवार कुशीत दुखायचं आणि लघवीत रक्त यायचं. त्यांना किडनीतल्या बारीक धमन्यांत दोष वाटला होता. ती कल्पना पुढे टिकली नाही, नाव मात्र टिकलं. आजही रुग्ण बहुतेक तरुण स्त्रियाच असतात. बऱ्याच जणांच्या फाईलमध्ये कधीकाळी एखादा खडा असतो आणि तिथंच गाडी अडते. एक साधी गोष्ट लोक विसरतात: खडा वाट अडवतो तेव्हा किडनी फुगते आणि कळ येते. वाट न अडवता कोपऱ्यात पडून राहिलेला ३ मिमीचा खडा इतकी वर्षं, तेही दोन्ही बाजूंना, दुखवत नाही.

दुखतं का, याची आजची सर्वांत पटणारी मांडणी अशी. ग्लोमेरुलसचा पडदा काहींत जन्मतः पातळ किंवा सदोष असतो. त्यातून लाल पेशी झिरपतात आणि पुढच्या बारीक नळ्यांत अडकतात. नळ्या तुंबल्या की आतला दाब वाढतो, किडनीला सूज येते आणि तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. किडनीच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीव फारशी नसते. आवरणाला आणि मूत्रनलिकेच्या तोंडाला ती भरपूर असते. काहींत कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिकही नळ्यांत अडकतात, म्हणून २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि युरिक अ‍ॅसिड मोजायला हवं. ते जास्त निघालं तर त्यावर औषध आहे, आणि ही तपासणी स्वस्तही आहे.

निदान वगळत वगळतच करावं लागतं. आपल्याकडे सगळ्यांत आधी टीबी. मूत्रमार्गाच्या टीबीत कल्चर कोरं येतं आणि पस सेल्स, रक्त चालूच राहतं. त्यासाठी पहाटेच्या लघवीचे नमुने लागोपाठ दिवस देऊन वेगळी तपासणी करतात, साध्या कल्चरमध्ये तो जंतू वाढत नाही. मग डॉपलर, डाय घालून सीटी, वय आणि धोका पाहून दुर्बिणीनं मूत्राशयाची तपासणी. आयजीए नेफ्रोपॅथीतही (ग्लोमेरुलसमध्ये आयजीए नावाची प्रतिद्रव्यं साठतात तो आजार) रक्त येतं आणि कधी कूस दुखते, ती ओळखायला बायॉप्सीच लागते.

माई, आईंना सांगा की ही बायॉप्सी कॅन्सर शोधायला नाही. पालथं झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुईनं शेवईएवढा तुकडा घेतात. नंतर काही तास उताणं पडून राहायचं, एखाद दिवस लघवी लाल येऊ शकते. एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्या: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी तुकडा वेगळा ठेवणार आहेत का? पडद्याची जाडी साध्या मायक्रोस्कोपखाली मोजता येत नाही. ही सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे आणि रिपोर्टला आठवडे लागतात. पण तुकडा सुरुवातीलाच योग्य द्रावणात ठेवला नाही तर नंतर पंचाईत होते.

किडनी निकामी होते का? एलपीएचएसमुळे होत नाही. वर्षानुवर्षं खाल्लेल्या पेनकिलरनं मात्र होऊ शकते.

तर्कटराव | ५ जून, सायंकाळी ६.४०

माहिती उत्तम. पण एक शंका. सगळं वगळल्यावर जे उरतं त्याला नाव दिलं, म्हणजे ते नाव आहे की 'आम्हाला कळलं नाही' या पेटीवरची चिठ्ठी? या रुग्णांत मानसिक ताणाचं प्रमाण जास्त आढळतं असंही वाचलंय. सासरचा प्रश्न विचारणारा डॉक्टर अगदीच चूक होता का?

नेफ्रॉन | ५ जून, रात्री ९.५८

रास्त शंका आहे. नेफ्रॉलॉजीतही यावर भांडणं झालीत. काहींच्या मते हा एक आजार नाही, दोन-तीन आजारांचं गाठोडं आहे. मला ते पटण्यासारखं वाटतं. जुन्या लेखांत तर रुग्ण स्वतःच लघवीत रक्त मिसळतात असाही संशय घेतलाय, आणि अशी उदाहरणं वैद्यकात खरोखर आहेत.

पण आजोबांनी वर लिहिलेल्या तपासणीचं मोल इथंच कळतं. बोट टोचून बाटलीत टाकलेल्या थेंबातून फुगवट्यांच्या पेशी आणि लाल पेशींचे कास्ट तयार होत नाहीत. ते किडनीच्या नळीतच घडतात. म्हणजे रक्त कुठून येतं हे सिद्ध करता येतं. दुखणं किती आहे हे मोजता येत नाही, पण ते कुठल्याच आजारात मोजता येत नाही.

मानसिक ताणाचं म्हणाल, तर दहा वर्षं दुखत असलेल्या बाईला ताण नसेल तर मला आश्चर्य वाटेल. वेदनेचे मार्ग इतका काळ चालू राहिले की मेंदू आणि मज्जारज्जू त्याबाबतीत अतिसंवेदनशील होतात. म्हणून समुपदेशनाचा उपयोग होतो, मी पाठवतेही. माझा आक्षेप क्रमाला आहे. लघवी मायक्रोस्कोपखाली न बघता आधी सासर बघणं, हे चूकच.

तर्कटराव | ५ जून, रात्री १०.१०

मान्य. क्रमाचा मुद्दा पटला. पेटीचा पूर्ण पटला नाही.

हाडवैरी_नाही | ६ जून, सकाळी ११.२५

फिजिओथेरपिस्ट आहे, थोडक्यात लिहितो. कुशीत दुखतं म्हणजे किडनीच, असं नाही. छातीचे मणके संपतात आणि कमरेचे सुरू होतात त्या सांध्यातून निघणाऱ्या नसा कूस, ओटीपोट आणि जांघेपर्यंत दुखणं पोहोचवतात. फ्रान्सच्या मेन्य या डॉक्टरांनी हे सविस्तर मांडलं, त्यांच्या नावानंच ते ओळखलं जातं. कुशीवरची कातडी चिमटीत धरून गुंडाळत नेली की एका बाजूला झोंबतं, कमरेत वळलं की वाढतं. अर्थात यात लघवीत रक्त येत नाही, त्यामुळे माईंच्या बहिणीला हे एकटं लागू नाही. पण वर्षानुवर्षं कूस आवळून धरल्यानं हे वरून जोडलं गेलेलं मी पुष्कळदा पाहतो, आणि तेवढा भाग तरी व्यायामानं सुटतो. सर्जरीचा विचार करण्याआधी कुणीतरी पाठ तपासा एवढंच.

केमिस्ट_नाशिक | ६ जून, दुपारी २.०५

माझ्या काउंटरवरून बोलतो. 'मूतखड्याची गोळी द्या' म्हणून रोज लोक येतात, चिठ्ठी नसते. मागतात ते डायक्लोफेनॅक नाहीतर असेक्लोफेनॅक, बरोबर पॅरासिटामॉल असलेलं. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. ज्याला किडनीचं दुखणं आहे त्यानंच त्या रोज खायच्या, हा उलटा कारभार.

ट्रामाडॉल हे जोरकस पेनकिलर २०१८ पासून एनडीपीएसखाली, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलंय. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, आणि ओळखीच्या दुकानदाराकडे हट्ट करू नका, त्याचं लायसन्स जातं. तसंही ते महिनोन्महिने घ्यायचं औषध नाही. सवय लागते आणि डोस वाढत जातो. घरात जेवढ्या पेनकिलरच्या पट्ट्या आहेत तेवढ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. वेगवेगळ्या नावांत एकच औषध दुप्पट जातंय हे निम्म्या वेळा तिथंच सापडतं.

मॅडिसनची_मराठी | ७ जून, पहाटे ४.४८

भारतातल्या वेळेला दचकू नका, इथं संध्याकाळ आहे. मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहते आणि इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात या आजारावर बरंच काम झालंय म्हणून लिहावंसं वाटलं. माझ्या सहकारी बाईंचं इथंच ऑपरेशन झालं.

ज्यांना औषधांनी काहीच फरक पडत नाही त्यांच्यासाठी ऑटोट्रान्सप्लांट करतात. म्हणजे आपलीच किडनी काढून, थंड द्रावणानं धुऊन, खाली ओटीपोटाच्या बाजूला बसवायची, रक्तवाहिन्या आणि मूत्रनलिका नव्यानं जोडायच्या. किडनी तीच, पण काढताना तिच्याकडे जाणाऱ्या नसा सगळ्या तुटतात, त्यामुळे वेदना पोहोचत नाही. किडनी आपलीच असल्यामुळे ट्रान्सप्लांटनंतरची ती जन्मभराची औषधं लागत नाहीत. ही सर्जरी मूळची मूत्रनलिकेच्या इजेसाठी. १९६३ मध्ये मिसिसिपीच्या जेम्स हार्डी यांनी ती पहिल्यांदा केली.

पण कुणाला उपयोग होईल आणि कुणाला नाही, हे आधी कसं कळणार? त्यासाठी मॅडिसनमध्ये एक चाचणी बसवली. दुर्बिणीतून मूत्रनलिकेत बारीक कॅथेटर घालून किडनीच्या तोंडाशी बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. दुखणं काही तासांपुरतं थांबलं, तर वेदना खरोखर किडनीतूनच येतेय. थांबलंच नाही, तर किडनी हलवून उपयोग नाही, कारण दुखणं पाठीतून किंवा मज्जारज्जूतून येत असणार. वरचे फिजिओ आणि तर्कटराव या दोघांच्या शंकेला मला ही चाचणी सगळ्यांत प्रामाणिक उत्तर वाटते.

केमिस्ट_नाशिक | ७ जून, सकाळी ८.३०

मोठं ऑपरेशन आहे हो. धाग्यावर वाचून कुणी लगेच उठून जाऊ नये.

नेफ्रॉन | ७ जून, दुपारी १.४०

मॅडिसनच्या ताईंनी चाचणीचं नेमकं लिहिलंय. जोडीला हे वाचा. ऑटोट्रान्सप्लांटनंतर काहींचं दुखणं परत येतं, नसा पुन्हा वाढतात असा अंदाज आहे. काहींत ते दुसऱ्या किडनीत सुरू होतं. जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर चांगली किडनी जाते. म्हणून ही शेवटची पायरी, आणि दोन्ही बाजूंना दुखणाऱ्या रुग्णात तर आणखीच विचार करून. दुखणारी किडनी काढूनच टाका असा सल्ला कुणी दिला तर सरळ दुसरं मत घ्या. पूर्वी हे झालंय, आणि उरलेल्या एकाच किडनीत दुखणं सुरू झालेले रुग्ण नोंदवलेले आहेत. मूत्रनलिकेत कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखट घटक, सोडण्याचाही प्रयोग झाला होता. त्यानं इजा झाल्यामुळे तो मागे पडला.

सुरुवात खालून करतात. रॅमिप्रिलसारखी एसीई इनहिबिटर औषधं ग्लोमेरुलसमधला दाब कमी करतात, त्यानं रक्त झिरपणं आणि काहींत दुखणंही कमी होतं. हिचं बीपी ११०/७० आहे, म्हणजे अगदी लहान डोसपासून. नसांच्या वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन, प्रेगाबॅलिन किंवा ड्युलॉक्सेटिन. अमिट्रिप्टिलिन हे 'डिप्रेशनचं औषध' आहे असं इंटरनेटवर वाचून रुग्ण ते बंद करतात. इथं ते रात्री अगदी कमी मात्रेत, वेदनेसाठी देतात. त्यानंतर पेन क्लिनिकमध्ये नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन. पेन क्लिनिक फक्त कॅन्सरवाल्यांसाठी असतं हा समज डोक्यातून काढा.

रानवारा | ७ जून, रात्री ९.१५

मग कढण बंद का?

मायक्रोस्कोपवाले_आजोबा | ७ जून, रात्री ९.२२

जेवणात चालू ठेवा. काढे-भस्मं मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. भस्मांत शिसं-पारा असू शकतो, आणि तो किडनीला बाधतो.

सांगलीची_माई | २६ जुलै, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं होतं.

आजोबांनी सांगितल्याप्रमाणे ताजा नमुना दिला. पॅथॉलॉजिस्टनी स्वतः पाहिला आणि बहिणीलाही मायक्रोस्कोपमधून दाखवला. डिसमॉर्फिक पेशी भरपूर, अकँथोसाइटही. दुखत असतानाच्या नमुन्यात लाल पेशींचे कास्ट. टीबी नाही. डॉपलरमध्ये शीर थोडी दबलेली, पण वेग पाचपटीच्या बराच खाली. २४ तासांचं कॅल्शियम नॉर्मल.

मग बायॉप्सी झाली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा तुकडा आम्ही आधी विचारल्यामुळे वेगळा ठेवला गेला, याबद्दल नेफ्रॉन यांचे विशेष आभार. आयजीए नाही. पडद्याची जाडी २१० नॅनोमीटर, रिपोर्टात 'थिन बेसमेंट मेंब्रेन' लिहिलंय. डॉक्टरांनी मग एक गंमत केली, आईची आणि माझी लघवी तपासायला लावली. माझी स्वच्छ. आईच्या लघवीत रक्तपेशी, त्याही तसल्याच वाकड्या! आईला उभ्या आयुष्यात कुशीत दुखलेलं नाही. आता ती म्हणते, माझ्यामुळे झालं.

रॅमिप्रिल लहान डोसमध्ये आणि रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ चालू आहे. पेनकिलरची पिशवी खरोखर ओतली, एकाच औषधाची तीन नावं निघाली. दुखणं गेलेलं नाही. पण ठणका कमी आहे, झोप लागते, आणि मोठी कळ आल्यावर कॅज्युअल्टीत दाखवायला डॉक्टरांनी लेटरहेडवर निदान आणि काय द्यायचं, काय नाही ते लिहून दिलंय. त्या कागदाचा औषधाइतकाच उपयोग झाला.

दोन प्रश्न. आईला काही करायला हवं का? आणि बहिणीला कोरडा खोकला लागलाय, पाऊस म्हणून की औषधानं?

मायक्रोस्कोपवाले_आजोबा | २७ जुलै, सकाळी ६.४५

वा. आईंना सांगा, पातळ पडदा घेऊन कितीतरी माणसं कुठल्याही त्रासाशिवाय म्हातारी होतात. आणि त्याच कारणानं एक खबरदारीचं वाक्य: पडदा पातळ आहे हे रक्ताचं कारण झालं, दुखण्याचं पूर्ण कारण झालं असं म्हणता येत नाही. नाहीतर आईंनाही दुखलं असतं. तर्कटरावांची पेटी अजून थोडी उघडीच आहे.

तर्कटराव | २७ जुलै, सकाळी ९.१२

आजोबा, आभार. बहिणीला शुभेच्छा, मनापासून.

नेफ्रॉन | २७ जुलै, दुपारी २.३०

आईंनी वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन पाहावं. दोघींची कानाची तपासणी एकदा करून घ्या. कोलॅजेन चार या पडद्यातल्या प्रथिनाच्या ज्या जनुकांमुळे पडदा पातळ होतो, त्यांच्यातल्याच दोषांमुळे आलपोर्ट नावाचा आजारही होतो आणि त्यात ऐकू कमी येतं. आईकडच्या कुणाला डायलिसिस लागलं होतं का, कमी वयात बहिरेपणा होता का, हे मामांना विचारा. तसं असेल तर जनुकीय तपासणीचा विचार करता येईल.

खोकला रॅमिप्रिलचा असू शकतो, या गटातल्या औषधांचा तो नेहमीचा त्रास आहे. परस्पर बंद करू नका आणि खोकल्याची सिरपं पीत बसू नका. डॉक्टर बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देऊ शकतील, त्यांनी सहसा खोकला येत नाही. डोस बदलला की आठवडा-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचं. या औषधावर असताना डायक्लोफेनॅक अजिबात नको.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की मूल अजून नाही. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन हे दोन्ही गट गरोदरपणात चालत नाहीत, गर्भाच्या किडनीला इजा होते. मूल हवं असेल तर ते ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं, पाळी चुकल्यावर नाही.

सांगलीची_माई | २७ जुलै, रात्री ८.५०

हे कुणी बोललं नव्हतं. तिला आत्ताच फोन केला, पुढच्या वर्षीचा विचार चाललाय म्हणाली. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, खोकला आणि हे, दोन्ही विचारते. मामाला फोन लावलाय, आजोबांच्या धाकट्या भावाला तरुणपणीच कमी ऐकू यायचं म्हणतो, पण ते फटाक्यानं झालं होतं असं घरात सांगतात. तेही डॉक्टरांना सांगेन.